तिसरा पुकारा

कोर्टात पुकारा तीनदा होतो. शिपाई दाराशी उभा राहतो, हातातल्या कागदावरचं नाव वाचतो आणि व्हरांड्यापलीकडे लिंबाखाली बसलेल्या माणसांना ऐकू जाईल असं ओरडतो. पहिल्या पुकाऱ्याला शहाणी माणसं आत येतात, दुसऱ्याला उरलेली, बिडी विझवून येतात आणि तिसऱ्याला आमच्या औशाच्या कोर्टात व्यंकटराव लिंबाळकर वकील यायचे. मी तिथं बेंच क्लार्क होते. म्हणजे न्यायाधीशांच्या समोर, एक पायरी खाली टेबल मांडून बसणारी बाई. कोणत्या प्रकरणात आज काय झालं, ते रोजनाम्यात लिहायचं, हे माझं काम. बावीस वर्षं मी या माणसाला त्या दारातून आत येताना पाहिलं आणि पहिल्या पुकाऱ्याला ते एकदाही आले नाहीत.

लांब कुठं असायचे म्हणावं तर तेही नाही. फाटकाला लागून चहाची टपरी, तिथल्या बाकावर बसलेले असायचे. पुकारा खरं तर पक्षकारांच्या नावानं करायचा असतो. पण यांचे पक्षकार नाव ऐकून आधी वकीलसाहेबांच्या तोंडाकडं बघायचे आणि ते उठल्याशिवाय हलायचे नाहीत. शेवटी आमचे शिपाई गफूरभाई कंटाळले आणि सरळ यांच्याच नावाचा पुकारा करायला लागले, "व्यंकटराव माधवराव लिंबाळकर, हाजिर हो." आवाज असा की बस स्टँडवरची माणसं मागं वळून बघायची. बाकावरचे वकीलसाहेब मात्र बशीत चहा ओतून फुंकर मारत बसायचे.

मी एकदा विचारलंच. "वकीलसाहेब, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतंय की. पण कसं हाय सुमनबाई, पहिल्या पुकाऱ्याला गेलं की पक्षकाराला वाटतं, आपला वकील रिकामा हाय. दुसऱ्याला गेलं की वाटतं, भ्यायला. तिसऱ्याला गेलं म्हंजे कामातून येळ काढून आल्यागत दिसतं."

"कसल्या कामातून? चहाच्या?"

"चहा पिणं काम न्हाई व्हय?"

गेल्या उन्हाळ्यात ते वारले, अठ्ठ्याऐंशी पूर्ण करून. बार रूममध्ये शोकसभा झाली. तिथं तरुण वकिलांनी त्यांना 'ज्ञानतपस्वी' म्हटलं, 'कायद्याचा चालताबोलता कोश' म्हटलं. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला राग येत होता. कायद्याची पुस्तकं त्यांच्याकडं होती, नाही कोण म्हणतं. पण त्यातली दोन जाड पुस्तकं कपाटाच्या आखूड पायाखाली होती आणि ती तिथून काढायची वेळ कधी आली नाही. माणूस मेला की त्याला लगेच धुऊन इस्त्री करून ठेवतात. म्हणून म्हटलं, मला ठाऊक असलेले वकीलसाहेब मीच लिहावेत. रोजनामा लिहायची सवय आहेच.

कोट काळा होता असं म्हणायचं. खांद्यांवर उन्हानं तपकिरी आणि कोपरांवर चकचकीत झालेला. उजव्या खिशात मुदतीचे अर्ज, डाव्या खिशात भाजलेल्या शेंगा. मुदतीचा अर्ज म्हणजे आज नको, पुढची तारीख द्या, अशी विनंती. हे अर्ज ते घरूनच लिहून आणायचे, फक्त कारणाची जागा मोकळी सोडायचे. शेंगा विरुद्ध पक्षासाठी असायच्या. ज्याच्याविरुद्ध आपण दावा लावलाय त्याच्या हातावर मूठभर शेंगा ठेवून "पोरगी कशी हाय, नांदली का?" म्हणून विचारणारा वकील मी दुसरा पाहिला नाही. फोलपटं व्हरांड्यात पडायची आणि झाडणाऱ्या बाईची बोलणी मला खावी लागायची.

सगळा तालुका त्यांना 'तारीखवाले वकील' म्हणायचा. दुसरे वकील मुदतीसाठी खोटी कारणं द्यायचे. कुणाला ताप, कुणाच्या घरी लग्न. हे खरी कारणं द्यायचे, आणि तीच पंचाईत होती. एक अर्ज मला अजून तोंडपाठ आहे. 'प्रतिवादीची म्हैस सकाळपासून व्यायला झाली आहे. वादी हा तिला पाहण्यास गेलेला आहे. सबब मुदत मिळावी.' तेव्हाचे साहेब नवीन होते, पुण्याकडचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"वकीलसाहेब, यांचं एकमेकांशी भांडण आहे ना?"

"हाव साहेब. पण म्हैस दोघांच्याबी ओळखीची हाय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मुदत दिली. मी रोजनाम्यात लिहिलं, 'प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' हे शब्द मी त्यांच्यापायी इतक्या वेळा लिहिलेत की हात आपोआप वळायचा.

मला त्यांचा मनापासून राग यायचा. प्रकरणं तुंबायची माझ्या टेबलावर, वरून विचारणा व्हायची मला, आणि हे बाहेर बशी फुंकत बसलेले. एकदा न राहवून बोलले, "तुम्हाला खटले संपवायचेत का नाही?"

"न्हाई," ते म्हणाले. "मला भांडणं संपवायचीत. खटला काय, साहेब आज बसले तर आज निकाल देतील. मग एक जण पेढे वाटंल आन् दुसरा घरी जाऊन कुऱ्हाड शोधंल. तारीख म्हंजे औषध हाय बाई. रागाला थंड व्हायला येळ लागतो. तेवढा येळ मी मागून राहिलोय, दुसरं काय?"

मला ती पळवाट वाटली. पण मग मुरुडकडच्या दोन भावांचं प्रकरण झालं. बांधाचा दावा. धाकट्यानं बांध वीतभर सरकवला म्हणून थोरल्यानं कोर्ट गाठलं होतं. पहिल्या तारखेला गफूरभाईंना दोघांच्या मध्ये उभं राहावं लागलं, इतके ते एकमेकांच्या अंगावर जात होते. वकीलसाहेब थोरल्याकडून. त्यांनी तारखा घ्यायला सुरुवात केली. त्या गावाहून सकाळी एकच एसटी यायची, त्यामुळं दोघांना एकाच गाडीनं यावं लागायचं. पहिल्या वर्षी एक पुढं बसायचा, एक मागं. दुसऱ्या वर्षी जो आधी चढेल तो दुसऱ्याच्या पिशवीला जागा धरायचा, बोलायचा मात्र नाही. तिसऱ्या वर्षी थोरला टायफॉइडनं पडला आणि त्याची पुढची तारीख काय पडली हे विचारायला धाकटा माझ्या टेबलापाशी आला. मी चाट पडले.

मग सहाव्या वर्षी आली येळवस. आमच्याकडं वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कडब्याची खोप करायची, पूजा करायची आणि दिवसभर भज्जी, उंडे, खीर आणि आंबील. वकीलसाहेबांनी येळवशीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख मागून घेतली आणि येळवशीला दोघा भावांना आपल्या शेतात बोलावलं. एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. मीही घरच्यांबरोबर तिथं होते. खोपीपुढं दोघं समोरासमोर आले आणि थोरल्याचं तोंड आवळलं. तो जायलाच निघाला. वकीलसाहेबांनी आंबिलीची घागर उचलून दोघांच्या मधोमध ठेवली.

"आंबील एकाच घागरीत हाय," ते म्हणाले. "बांध कुठून घालू ते सांगा."

आधी धाकटा हसला. मग थोरल्यानं हसू येऊ नये म्हणून तोंड फिरवलं, पण खांदे हलताना दिसत होते. दुसऱ्याच दिवशी, तारखेला, तडजोड दाखल झाली. 'तडजोडीने निकाली' असं मी लिहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं, पण तसं दाखवायची इच्छा नव्हती. म्हटलं, "सहा वर्षं लागली वकीलसाहेब."

"सहाच," ते म्हणाले आणि माझ्यापुढं शेंगा ठेवल्या.

कोर्ट सुटल्यावरही त्यांच्यापासून माझी सुटका नव्हती, कारण त्यांचं घर आमच्या घरासमोर. तिथं हे आणि काकू, दोघंच. एकुलती एक मुलगी सुनंदा नांदेडला शाळेत शिक्षिका. सुनंदाला मुलगी झाली, तिचं नाव रेवा, आणि त्या दिवसापासून वकीलसाहेबांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. रेवाला दात आला हे गफूरभाईंना आणि मला एकाच सकाळी दोनदा सांगितलं. पाच वर्षांची असताना तिनं रंगीत खडूनं शेळीचं चित्र काढून दिलं, ते यांनी फायलीत जपून ठेवलं. फाइल होती एका शेताच्या दाव्याची. चित्र नकाशाबरोबर कोर्टात दाखल झालं, त्याला पुराव्याच्या कागदावर टाकतात तो निशाणी क्रमांक पडला, आणि विरुद्ध वकिलांनी उभं राहून हरकत घेतली की नकाशात दाखवलेली शेळी जागेवर नाही. साहेबांनी चित्र परत करायला सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, "साहेब, निशाणीचा शिक्का तेवढा राहू द्या त्याच्यावर. नातीला दाखवायचा हाय."

रेवा सात वर्षांची असताना तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ती मोर होणार होती. आजोबांनी यायचंच, असं तिनं फोनवर बजावलं होतं. हे पहाटेच्या एसटीनं निघाले आणि कार्यक्रमाच्या दोन तास आधी नांदेडला शाळेच्या फाटकाशी पोहोचले. फाटकाला लागून चहाची टपरी होती. झालं. हे तिथं बसले. मंडपातून लाउडस्पीकरवर रेवाचं नाव पुकारलं गेलं, ते यांनी नीट ऐकलं आणि बशीत दुसरा चहा ओतला. शाळेत पुकारा एकदाच होतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते आत पोहोचले तेव्हा मोर नाचून गेला होता आणि पाहुण्यांचं भाषण चालू होतं.

वकिलाची नात ती. तिनं तिथल्या तिथं एकतर्फा निकाल दिला की आजोबांशी बोलायचं नाही. फोन आला की रिसीव्हर आईच्या हातात. वकीलसाहेब औशाला परतले ते तोंड पाडून. दोन दिवस कुणाला शेंगा दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या अर्जाला लागतो तो लेजर पेपर घेऊन बसले आणि एकतर्फा निकाल रद्द व्हावा म्हणून रीतसर अर्ज लिहिला. 'अर्जदार हा वयोवृद्ध इसम असून चहाच्या आहारी गेलेला आहे. सदर चूक त्याने जाणूनबुजून केलेली नाही. मोर न पाहिल्यामुळे त्याचे कधीही भरून न येणारे नुकसान झाले आहे.' खाली प्रतिज्ञापत्र. पाकीट रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. सात वर्षांच्या पोरीनं पोस्टमनकडून ते सही करून घेतलं. तिच्या आयुष्यातली पहिली सही. नावापुढं एक मोरही काढला होता. ती पोचपावती वकीलसाहेब कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि बार रूममध्ये नव्या वकिलांना दाखवायचे.

अर्जावर सुनावणी दिवाळीच्या सुट्टीत झाली, वकीलसाहेबांच्या ओसरीवर. न्यायाधीश काकू. वेताच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. रेवानं मला रस्त्यापलीकडून हाक मारली, "सुमनआजी, रोजनामा लिहायला या." मी दोनशे पानी वही घेऊन गेले. दोन्ही बाजू ऐकून काकूंनी मेथीचं देठ मोडलं आणि निकाल सांगितला, "माफी मिळेल, पण मोराचा नाच ह्यांनी आत्ता करून दाखवावा." बहात्तर वर्षांचा माणूस धोतराचा सोगा मागं पसरून ओसरीवर नाचला. गल्ली गोळा झाली. मी 'अंमलबजावणी झाली' एवढंच कसंबसं लिहिलं. हसून हसून पुढची ओळ लिहिता आली नाही.

रेवा दहा वर्षांची झाली त्या वर्षी काकू गेल्या.  सुनंदा महिनाभर राहिली आणि रोज म्हणायची, "अप्पा, चला नांदेडला. इथं एकटं कसं राहणार?" हे म्हणायचे, "बघू." सुनंदाला आपल्या बापाचं 'बघू' ठाऊक होतं. ती रडत परत गेली.

पुढच्या मे महिन्यात रेवानं दावा दाखल केला. एकेरी वहीचं पान. 'वादी, रेवा. प्रतिवादी, आजोबा. मागणी, आजोबांनी नांदेडला आमच्या घरी कायमचं राहायला यावं. कारण, इथं त्यांना जेवा असं कुणी म्हणत नाही.' तिनं काकूंची वेताची खुर्ची ओसरीवर आणून ठेवली आणि मला बोलावलं. मी विचारलं, न्यायाधीश कोण? वकीलसाहेब खुर्चीकडं बघत होते. म्हणाले, "खुर्ची हाय तिथं कोर्ट हाय. न्यायाधीश रजेवर गेल्यात." आणि उजव्या खिशातून मुदतीचा अर्ज काढला. सोयाबीन पेरायचं आहे, हे कारण. थोडा वेळ रिकाम्या खुर्चीपुढं थांबले. मग म्हणाले, "काही बोलत न्हाईत. म्हंजे मंजूर."

असं आठ वर्षं चाललं. दर सुट्टीत रेवा यायची, खुर्ची ओसरीवर यायची, ती दारात उभी राहून गफूरभाईंच्या चालीवर तीनदा पुकारा करायची आणि हे तिसऱ्याला आतल्या खोलीतून यायचे, हातात अर्ज. लोणचं अजून मुरलेलं नाही. येळवस तोंडावर आली आहे. लामजना गावच्या एक म्हातारबाई दुसऱ्या वकिलाशी बोलत नाहीत. प्रतिवादीला नवीन चपला चावत आहेत. रेवा प्रत्येक अर्ज वाचायची, नाकावरचा चष्मा वर करायची आणि दिवाळीची नाहीतर मेची तारीख द्यायची. दोनशे पानी वही संपली, दुसरी आणली. मधल्या काळात मीही रिटायर झाले, पण या एका कोर्टातून मला कुणी रिटायर केलं नाही.

आता खरं सांगते. प्रत्येक वेळी 'मुदत मंजूर' लिहिताना मला आनंद व्हायचा. समोरच्या ओसरीवर दिवा लागतोय, खाकरण्याचा आवाज येतोय, सकाळी "सुमनबाई, पेपर वाचून झाला का?" म्हणून हाक येतेय, हे मला हवं होतं. सुनंदाला मी वरवर म्हणायची, "हो गं, न्यायलाच पाहिजे त्यांना." मनातून वादीच्या विरुद्ध होते. अशी क्लार्क कोणत्याही कोर्टात असू नये.

ते का जात नाहीत हे त्यांनी एकदाच सांगितलं, दुपारी ओसरीवर शेंगा सोलताना. "नांदेडला मी कोण हाय बाई? चार दिवस राहिलो तर खालच्या वॉचमननं मला रोज विचारलं, किसके यहाँ आये? हितं बस स्टँडला जायला मला पाऊण तास लागतो, लोक थांबवतात म्हणून. तिथं माझ्या नावाचा पुकारा कोण करंल?"

 त्यांचं खरं होतं.

अकरावी-बारावीला रेवा लातूरला आली. क्लासेससाठी सगळीच पोरं येतात तशी. होस्टेलवर राहायची आणि रविवारी एसटीनं औशाला. आता तिला सगळं दिसायला लागलं. फ्रिजमध्ये चार दिवसांची भाजी. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं तशीच. ती भांडी घासायची, गोळ्या मोजून डबीत भरायची आणि काही न बोलता पुढची तारीख द्यायची. मग तिला नांदेडलाच फिजिओथेरपीला ॲडमिशन मिळाली आणि ती गेली.

ती गेली आणि पंधरा दिवसांत वकीलसाहेब पडले. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही कोर्टात जायचेच. गफूरभाई केव्हाच रिटायर झाले होते. नवीन शिपाई पोरगेलासा, आवाज बारीक. त्याचे पहिले दोन पुकारे टपरीपर्यंत पोहोचलेच नाहीत. तिसरा कानावर पडला, 'हा तिसरा' असं कुणीतरी ओरडलं आणि हे धावत सुटले. व्हरांड्याच्या पायरीवर पाय अडकला. उजवं मनगट मोडलं. लातूरला प्लास्टर घालताना डॉक्टर सुनंदाला म्हणाले, "आज मनगट आहे. पुढच्या वेळी खुबा असेल, आणि मग ते अंथरुणावरून उठणार नाहीत."

रविवारी रेवा आली. खुर्ची ओसरीवर ठेवली. पुकारा केला. तिसऱ्याला वकीलसाहेब आले, गळ्यात हात अडकवलेला. डाव्या हातानं उजव्या खिशात चाचपून अर्ज काढला. कारणाची जागा कोरी होती.

"उजवा हात मोडल्यामुळं कारण लिहिता येत न्हाई," ते म्हणाले. "तोंडी ऐकून घ्यावं."

मला हसू आलं. रेवाला आलं नाही.

"आजोबा, तारीख कशासाठी असते?"

"राग थंड व्हायला. तुला किती येळा सांगितलं."

"मग माझ्या दाव्यात राग कुठंय?"

वकीलसाहेबांनी कोरा अर्ज परत खिशात घातला.

"अकरा वर्षांची होते तेव्हा नव्हता. आता एकोणीस पूर्ण झाली, आताही नाही. तुम्हाला माझा राग आहे का?"

"न्हाई," ते म्हणाले.

"भांडणच नाही तर थंड काय करून राहिलात आठ वर्षं?"

 त्यांनी खुर्चीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी वहीत बघितलं. हळू म्हणाले, "आठ दिवस द्या."

"शेवटची संधी," रेवा म्हणाली. मी तसं लिहिलं. 'शेवटची संधी' मी त्यांना उभ्या नोकरीत इतक्या वेळा लिहून दिली होती, आणि प्रत्येक शेवटच्या संधीनंतर आणखी एक असायची. म्हणून मी निर्धास्त होते.

पुढच्या रविवारी गाडी दारात उभी होती. सुनंदानं पिशव्या भरल्या होत्या. वकीलसाहेब सकाळपासून आतल्या खोलीत, दार लावून. विचारलं की उत्तर यायचं, "कागद आवरून राहिलोय." वेताची खुर्ची मात्र त्यांनी आधीच बाहेर पाठवली होती आणि ड्रायव्हरनं ती गाडीच्या टपावर दोरीनं बांधली होती. मी ओसरीवर वही घेऊन बसले. खुर्ची बांधण्याचा हा देखावा मला खरा वाटला नाही. एवढं सगळं करून तिसऱ्या पुकाऱ्याला हा माणूस अर्ज घेऊन बाहेर येणार, खुर्ची परत खाली उतरणार, हे मला पाठ होतं. इतकं पाठ होतं की मी त्या दिवसाची ओळ आधीच लिहून ठेवली. शाईनं. 'प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मुदत मंजूर.' पुढच्या तारखेपुरती जागा सोडली.

रेवा उंबऱ्यात उभी राहिली. तोंडाशी हात धरला, गफूरभाई धरायचे तसा.

"व्यंकटराव माधवराव लिंबाळकर, हाजिर हो."

गल्लीतला भाजीवाला गाडा थांबवून बघायला लागला. रेवानं दुसऱ्या पुकाऱ्यासाठी श्वास घेतला आणि तेवढ्यात आतलं दार उघडलं. कोट अंगावर. प्लास्टरचा हात बाहीत जात नव्हता म्हणून ती बाही नुसतीच लोंबत होती. हातात अर्ज नव्हता.

"हाजिर हाय," ते म्हणाले.

 सुनंदानं तोंडाला पदर लावला. मला रडू फुटलं आणि ते मी लपवलं नाही. रेवाचा दंड धरून ते दोन पायऱ्या उतरले आणि माझ्यापाशी येऊन थांबले.

"काय लिहिलं बाई?"

मी वहीवर हात ठेवला. त्यांनी डाव्या हातानं माझा हात बाजूला केला, ओळ वाचली आणि माझ्याकडं बघून हसले. "घाई केलीत. तुमची चूक मी आज पहिल्यांदा बघून राहिलो."

मी ओळ खोडली. कोर्टात खोडायचं ते एकाच रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे असा नियम आहे. तिच्याखाली लिहिलं, 'प्रतिवादी पहिल्या पुकाऱ्यास हजर.' वकीलसाहेब म्हणाले, "खाडाखोडीवर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात." वही गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी डाव्या हातानं सही केली, लहान पोरासारखी वाकडी. रेवानं केली आणि शेजारी मोर काढला. मी सवयीनं विचारून गेले, "पुढची तारीख काय लिहू?"

"आता तारीख नको," ते म्हणाले.

गाडी लातूर रोडच्या वळणाला लागेपर्यंत मी ओसरीवर उभी होते. टपावर खुर्ची, खिडकीतून बाहेर आलेला डावा हात, आणि त्या हातातून शेंगा घेताना भाजीवाला. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं. तिकडं चार वर्षं राहिले. रेवा फोनवर सांगायची की रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर ती खाली गेटाशी उभी राहून पुकारा करते आणि आजोबा पहिल्यालाच गॅलरीत येतात. वॉचमनही आता त्यांना वकीलसाहेब म्हणतो, असं तिनं सांगितलं होतं.

दोन्ही वह्या माझ्याकडं आहेत. शोकसभेहून परत आल्यावर मी दुसरी उघडून शेवटचं पान काढलं. दोन सह्या आहेत, मोर आहे. मी मारलेली रेघ सरळ आलेली आहे आणि तिच्याखालचं 'मुदत मंजूर' अजून स्पष्ट वाचता येतं.